सर्वांगस्पष्टतेचे मोल : बागेतील फुलांच्या मॅक्रो छायाचित्रणातील फोकस स्टॅकिंगची समीक्षा (कर्जत–खालापूर परिसराच्या संदर्भात)

प्रस्तावना

रायगड जिल्ह्यातील कर्जत आणि खालापूर हे दोन तालुके सह्याद्रीच्या पायथ्याशी वसलेले आहेत. एका बाजूस माथेरानचा डोंगर, दुसऱ्या बाजूस खंडाळ्याचा घाटमाथा आणि मधून वाहणाऱ्या उल्हास व पाताळगंगा या नद्या अशी या भूभागाची ठेवण आहे. हा पट्टा मूलतः भाताचा. कर्जत येथील प्रादेशिक कृषी संशोधन केंद्रातून निघालेल्या भाताच्या वाणांना ‘कर्जत’ हेच नाव लाभले आहे. मात्र गेल्या काही दशकांत मुंबई आणि पुणे या दोन महानगरांच्या मधोमध असण्याचा परिणाम म्हणून येथे शेतघरे वाढली आणि त्यांच्याभोवती बागा वाढल्या. जास्वंद, सोनटक्का, अनंत, मोगरा, अबोली, गुलबक्षी, गोकर्ण अशी घरोघरची फुले या बागांत आहेत, तशीच रोपवाटिकांतून आणलेली परदेशी फुलेही आहेत. डिजिटल कॅमेरा सर्वांच्या हाती आल्यानंतर या फुलांची छायाचित्रे काढणाऱ्यांची संख्याही वाढली.

या छायाचित्रांत अलीकडे एक विशिष्ट प्रकार वारंवार दिसतो. काळ्या पार्श्वभूमीवर एकच फूल असते आणि पाकळीच्या पुढच्या कडेपासून देठाच्या मागच्या लवेपर्यंत त्याचा प्रत्येक बिंदू सारखाच रेखीव असतो. हा परिणाम ‘फोकस स्टॅकिंग’ या तंत्राने साधला जातो. असे चित्र पाहून प्रेक्षक प्रथम थक्क होतो आणि नंतर त्याच्या मनात शंका उभी राहते की, हे खरोखर छायाचित्र आहे काय? ही शंका केवळ हौशी मंडळांपुरती मर्यादित नाही. महाविद्यालयातील छायाचित्र स्पर्धेचे परीक्षण करणाऱ्या प्राध्यापकासमोर ती येते. वनस्पतिशास्त्राच्या प्रात्यक्षिक वहीत रेखाकृतीच्या जागी छायाचित्र चिकटवणाऱ्या विद्यार्थ्याला गुण देतानाही ती येते. म्हणून या तंत्राची समीक्षा करणे अगत्याचे वाटते.

उद्दिष्टे व व्याप्ती

प्रस्तुत लेखाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत.

१) फोकस स्टॅकिंग या तंत्रामागील प्रकाशशास्त्रीय कारण स्पष्ट करणे.
२) छायाचित्रणाच्या इतिहासातील स्पष्टता आणि धूसरता यांच्या वादात या तंत्राचे स्थान निश्चित करणे.
३) परिचित फुलांच्या आधारे हे तंत्र कोठे अर्थपूर्ण ठरते आणि कोठे निरर्थक ठरते, हे तपासणे.
४) अशा चित्राच्या मूल्यमापनाचे निकष सुचविणे.

हा लेख बागेत वाढणाऱ्या जिवंत फुलांच्या छायाचित्रणापुरता मर्यादित आहे. प्रयोगशाळेतील सूक्ष्मदर्शीय छायाचित्रणाचा उल्लेख आवश्यक तेथेच केला आहे.

तंत्राची गरज का निर्माण झाली?

कोणतेही भिंग एका वेळी एकाच अंतरावर नेमके केंद्रित होते. त्या प्रतलाच्या पुढेमागे जेवढा भाग डोळ्यास पुरेसा स्पष्ट वाटतो, त्यास ‘डेप्थ ऑफ फील्ड’ म्हणजेच स्पष्टतेची खोली म्हणतात. वस्तू जवळ येते आणि तिची प्रतिमा मोठी होते तशी ही खोली वेगाने घटते. ३५ मिलिमीटर फिल्मच्या आकाराच्या संवेदकावर, ०.०३ मिलिमीटर इतकी अस्पष्टता ग्राह्य धरून हिशेब केला, तर वस्तूइतकीच प्रतिमा मिळवताना एफ/८ या छिद्रमानावर स्पष्टतेची खोली सुमारे १ मिलिमीटर भरते. प्रतिमा वस्तूच्या दुप्पट केली, तर ती ०.३६ मिलिमीटरवर येते. अबोलीच्या पुंकेसरांचा किंवा गोकर्णाच्या नौकेसारख्या आतल्या दलांचा विचार केला, तर ही जाडी किती तुटपुंजी आहे हे लक्षात येईल.

छिद्र लहान केले तर ही खोली वाढते, हा उपाय प्रत्येक छायाचित्रकारास ठाऊक असतो. परंतु त्यालाही मर्यादा आहे. छिद्र लहान होताच प्रकाशाच्या विवर्तनामुळे प्रत्येक बिंदूची प्रतिमा पसरते. वस्तूइतकीच प्रतिमा मिळवताना एफ/१६ हे छिद्रमान प्रत्यक्षात एफ/३२ प्रमाणे वागते आणि एका बिंदूची ठिपक्याएवढी प्रतिमा सुमारे ०.०४३ मिलिमीटर व्यासाची होते. म्हणजे वर ग्राह्य धरलेल्या मर्यादेच्याही ती पलीकडे जाते. खोली मिळते, पण सर्वत्र थोडा मऊपणा येतो. निसर्गनियमांनी घातलेली ही कोंडी एका चौकटीत सुटत नाही.

फोकस स्टॅकिंगमध्ये ही कोंडी अनेक चौकटींनी सोडवली जाते. मध्यम छिद्र ठेवून फोकस टप्प्याटप्प्याने पुढून मागे नेत अनेक चौकटी घेतात. त्यानंतर संगणक प्रत्येक चौकटीतील स्पष्ट भाग निवडून एक चित्र तयार करतो. जास्वंदीचे सुमारे १० सेंटिमीटर व्यासाचे फूल पूर्ण चौकटीत बसवायचे असेल, तर प्रतिमा वस्तूच्या साधारण एक चतुर्थांश ठेवावी लागते. या प्रमाणात एफ/८ वर स्पष्टतेची खोली सुमारे ९.६ मिलिमीटर मिळते. फुलाबाहेर आलेला केसरदंड ६ सेंटिमीटर लांब धरला आणि चौकटी एकमेकींवर थोड्या चढाव्यात म्हणून टप्पा ७ मिलिमीटरचा ठेवला, तर दहा चौकटींत काम होते. त्याच दंडाच्या टोकावरील परागकोशांचा झुबका वस्तूइतक्या आकारात टिपायचा असेल आणि त्याची खोली २ सेंटिमीटर असेल, तर मात्र ०.७ मिलिमीटरच्या टप्प्याने तीसएक चौकटी लागतात. ‘शेकडो चौकटींचे चित्र’ अशी जाहिरात करणाऱ्या छायाचित्रकारास हा साधा हिशेब विचारण्यास हरकत नाही. चौकटींची संख्या हा गुण नसून वस्तूची खोली आणि प्रतिमेच्या प्रमाणावरून ठरणारा टप्पा यांचा तो भागाकार आहे.

हे तंत्र वाटते तितके नवे नाही. १९६० च्या दशकात डॅन मॅकलॅक्लन यांनी प्रकाशाच्या अतिशय पातळ पट्ट्यातून वस्तू सरकवून खोलवर स्पष्ट प्रतिमा मिळवण्याची पद्धत मांडली होती. संगणकाच्या काळात अॅलन हॅडली यांचा ‘कंबाइनझेड’ हा मोफत कार्यक्रम, युक्रेनमधील खार्किव येथील ‘हेलिकॉन फोकस’ आणि रिक लिटलफील्ड यांचा ‘झेरीन स्टॅकर’ यांनी ते हौशी माणसाच्या आवाक्यात आणले. २००८ मधील ‘फोटोशॉप सीएस४’ मध्ये ही सोय आली. २०१५ मध्ये ऑलिंपसने ‘ई-एम१’ या कॅमेऱ्यातच आठ चौकटी एकत्र करण्याची व्यवस्था दिली, तर २०१७ च्या ‘निकॉन डी८५०’ ने फोकस आपोआप सरकवून तीनशेपर्यंत चौकटी घेण्याची सोय केली. जे काम पूर्वी संशोधकाचे होते, ते असे कॅमेऱ्याच्या सूचीतील एका पर्यायावर आले. तंत्र सुलभ झाले की समीक्षेची जबाबदारी वाढते, कारण यापुढे केवळ तंत्र साधल्याबद्दल कौतुक करणे पुरेसे ठरत नाही.

स्पष्टतेचा जुना वाद

फोकस स्टॅकिंगवरील आक्षेप दोन आहेत. पहिला, अनेक चौकटी जोडणे ही लबाडी आहे. दुसरा, सर्वत्र स्पष्ट असणे अनैसर्गिक आहे. हे दोन्ही आक्षेप एकोणिसाव्या शतकापासून चालत आलेले आहेत.

ऑस्कर रेलँडर यांनी १८५७ मध्ये तीसहून अधिक निगेटिव्ह जोडून ‘टू वेज ऑफ लाइफ’ हे चित्र केले आणि हेन्री पीच रॉबिन्सन यांनी १८५८ मध्ये पाच निगेटिव्हमधून ‘फेडिंग अवे’ हे मृत्युशय्येवरील मुलीचे चित्र केले. त्यावर मोठा गदारोळ झाला. मात्र रेलँडर आणि रॉबिन्सन यांनी जोडलेली दृश्ये एका ठिकाणी, एका वेळी अस्तित्वातच नव्हती. फोकस स्टॅकिंगमध्ये फूल एकच असते, जागा एकच असते आणि पाहण्याची दिशाही एकच असते. बदलते ते केवळ स्पष्टतेचे प्रतल. त्यामुळे ‘जोडकाम’ या एका शब्दाखाली दोन्हींना बसवणे तर्कदृष्ट्या योग्य नाही.

दुसऱ्या आक्षेपाचे प्रवर्तक पीटर हेन्री एमर्सन होत. १८८९ च्या ‘नॅचरलिस्टिक फोटोग्राफी’ या ग्रंथात त्यांनी असे प्रतिपादन केले की, मानवी डोळा एका वेळी दृष्टिक्षेत्राचा मधलाच भाग स्पष्ट पाहतो, म्हणून छायाचित्रानेही मुख्य विषय स्पष्ट आणि उर्वरित भाग मवाळ ठेवावा. त्यांनी पुढच्याच वर्षी आपली भूमिका मागे घेतली, तरी हा विचार टिकून राहिला. याच्या अगदी उलट, १९३२ मध्ये कॅलिफोर्नियात एडवर्ड वेस्टन, अॅन्सेल अॅडम्स प्रभृतींनी स्थापन केलेल्या गटाने ‘एफ/६४’ हे लहानात लहान छिद्राचे नावच धारण केले आणि काठापासून काठापर्यंत स्पष्टता हा आपला आग्रह मांडला.

एमर्सन यांच्या युक्तिवादातील उणीव येथे नोंदवणे आवश्यक आहे. डोळ्याचा स्पष्ट पाहणारा भाग अगदी लहान असतो हे खरेच आहे, परंतु डोळा स्थिर राहत नाही. जास्वंदीचे फूल हाती घेतल्यावर दृष्टी पाकळीवरून दंडावर, दंडावरून कुक्षीच्या पाच मखमली गोळ्यांवर जाते, प्रत्येक ठिकाणी डोळ्याचे भिंग नव्याने जुळवून घेते आणि मन या सर्व क्षणांतून एक पूर्ण फूल उभे करते. या अर्थाने माणसाचे पाहणे हीच एक प्रकारची फोकस स्टॅकिंगची क्रिया आहे. म्हणून ‘सर्वत्र स्पष्ट म्हणजे अनैसर्गिक’ हा आक्षेप टिकत नाही. तथापि एक महत्त्वाचा भेद उरतो. मन फूल पाहते तेव्हा त्यास क्रम असतो, आधी काय पाहिले आणि नंतर काय, हे ते जाणते. स्टॅक केलेले चित्र हा क्रम पुसून टाकते आणि सर्व काही एकदम समोर ठेवते. खरा प्रश्न येथून सुरू होतो.

फुलांच्या आधारे परीक्षण

हा प्रश्न तात्त्विक पातळीवर सोडवण्याऐवजी प्रत्यक्ष फुलांकडे पाहणे हिताचे ठरेल.

सोनटक्का पावसाळ्यात फुलतो. त्याच्या फुलात एकच कार्यक्षम पुंकेसर असतो आणि कुक्षीवृंत त्या केसराच्या खाचेतून, परागकोशाच्या दोन कप्प्यांमधून जाऊन कुक्षी टोकाला किंचित बाहेर डोकावते. ही रचना आल्याच्या कुळाची खूण आहे. एका चौकटीत परागकोश स्पष्ट आला, तर मागचे रुंद पांढरे दल धूसर होते. दल स्पष्ट घेतले, तर परागकोश विरघळतो. केसर दलाशी कोठे जोडलेला आहे हे दोन्हींत कळत नाही. येथे स्टॅकिंग ज्ञान देते. फुलाचे भाग स्वतंत्रपणे दिसणे आणि त्यांचा परस्परसंबंध दिसणे यांत फरक आहे, आणि संबंध दाखवण्यासाठी खोली लागते.

कळलावीचे उदाहरण याहून बोलके आहे. ही वेल या परिसरात रानातही येते आणि बागेतही लावली जाते. तिच्या सहा पाकळ्या मागे वळून ज्वाळेसारख्या वर उभ्या राहतात, सहा पुंकेसर आडवे पसरतात आणि कुक्षीवृंत जवळजवळ काटकोनात एका बाजूस वळतो. परागकोशांपासून कुक्षी दूर नेणारे हे वळण फुलाच्या परागीभवनाशी निगडित आहे. हे फूल कोणत्याही एका प्रतलात मावत नाही, त्यामुळे एका चौकटीच्या चित्रात त्याचा निम्मा अर्थ नेहमीच हरवतो.

अबोलीचे मात्र तसे नाही. तिची पाच पाळ्यांची पाकळी पंख्यासारखी जवळजवळ सपाट पसरते. कॅमेरा त्या प्रतलाशी समांतर ठेवला, तर एका चौकटीत फूल पूर्ण स्पष्ट येते. अशा फुलासाठी वीस चौकटी घेणे म्हणजे कॅमेरा कोठे ठेवावा या विचाराला दिलेली सुटी होय. जुन्या छायाचित्रकारांची प्रतल निवडण्याची शिस्त या तंत्रामुळे सुटत चालली आहे, ही तक्रार अशा ठिकाणी खरी ठरते.

गुलबक्षी काळाचा प्रश्न उपस्थित करते. ती दुपार कलल्यावर उमलते, तिचे लांब केसर उलगडत बाहेर येतात आणि सकाळी फूल मिटते. कॅमेऱ्यातील स्वयंचलित सोयीने दहा चौकटी काही सेकंदांत होतात, परंतु हाताने पट्टीवर कॅमेरा सरकवत आणि फ्लॅश पुन्हा भरण्याची वाट पाहत तीस-चाळीस चौकटी घेतल्या तर मिनिटे जातात. तेवढ्यात केसर हलतो, वाऱ्याची झुळूक येते, मुंगी चढते. मग संगणकाने जोडलेल्या चित्रात पाकळी एका क्षणाची आणि केसराचे टोक दुसऱ्या क्षणाचे असते. सह्याद्रीच्या पायथ्याशी पावसाळ्यात तर वारा आणि थेंब यांची संगत सतत असते. त्यामुळे अनेक जण फूल खुडून घरात आणतात. तेथे फूल स्थिर राहते, परंतु ते आता बागेतील फूल उरत नाही.

रोलाँ बार्थ यांनी १९८० च्या ‘कॅमेरा ल्युसिडा’ मध्ये छायाचित्राचे सार ‘हे तेथे होते’ या साक्षीत पाहिले. स्टॅक केलेले चित्रही ‘हे तेथे होते’ असे म्हणू शकते, परंतु ‘हे त्या क्षणी असे होते’ असे ते म्हणू शकत नाही. साक्ष टिकते, क्षण जातो. या तंत्राने मोजलेली किंमत नेमकी हीच आहे.

संगणकाची निवड, माणसाचा हात

संगणक निष्पक्षपणे जोडतो, असा एक समज आहे. तो तपासून घेतला पाहिजे. ‘झेरीन स्टॅकर’ मध्ये दोन मुख्य पद्धती आहेत. एक बारीक तपशील आणि एकमेकांवरून जाणारे केस टिपते, परंतु त्यासोबत कणीदारपणा आणि रंगातील तीव्रता वाढवते. दुसरी रंग व पोत राखते, परंतु केसर पाकळीवरून जातो तेथे कडेला धूसर वलय सोडते. हे वलय अपरिहार्य आहे, कारण पुढचा केसर अस्पष्ट असताना तो फुगतो आणि मागच्या पाकळीचा काही भाग झाकतो. तो भाग कोणत्याच चौकटीत नीट नोंदला जात नाही. छायाचित्रकार मग ब्रशने हाताने दुरुस्ती करतो. फोकस सरकवण्याची रीतही परिणाम करते. भिंगाचे कडे फिरवले तर प्रतिमेचा आकार किंचित बदलतो, कॅमेरा पुढे सरकवला तर दृष्टिकोन बदलतो.

याचा अर्थ, असे चित्र हे निवडींचा परिणाम आहे. म्हणून त्याचे नाते क्षणचित्रापेक्षा वनस्पतिचित्राशी अधिक जवळचे आहे. सतराव्या शतकात सिद्ध झालेल्या ‘हॉर्टस मलबारिकस’ च्या ताम्रपटांपासून आजपर्यंत वनस्पतिचित्रकार हेच करीत आला आहे. तो एका क्षणाचे फूल काढत नाही, अनेक पाहण्यांतून एक फूल उभे करतो आणि सर्व भाग स्पष्ट दाखवतो. त्यास कोणी खोटे म्हणत नाही, कारण त्याने क्षणाचा दावाच केलेला नसतो. जर्मनीचे कार्ल ब्लॉसफेल्ट यांनी १९२८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘उरफॉर्मेन डेर कुन्स्ट’ या संग्रहात वनस्पतींचे भाग साध्या पार्श्वभूमीवर अनेकपट मोठे करून दाखवले. लेव्हन बिस यांनी २०१६ मध्ये ऑक्सफर्ड येथे मांडलेल्या ‘मायक्रोस्कल्प्चर’ या प्रदर्शनातील कीटकांच्या प्रत्येक चित्रामागे हजारो चौकटी होत्या. त्यांनी ती संख्या लपवली नाही, हे येथे महत्त्वाचे आहे.

या परिसरास लागून असलेल्या खंडाळ्याच्या वनस्पतींवर फादर एच. सांतापाव यांनी १९५३ मध्ये ग्रंथ सिद्ध केला, तो मुख्यतः शब्दवर्णनाच्या बळावर. श्रीकांत इंगळहळीकर यांच्या २००१ मधील ‘फ्लॉवर्स ऑफ सह्याद्री’ ने छायाचित्राच्या आधारे फूल ओळखण्याची वाट सामान्य वाचकास खुली केली. वर्णनाकडून छायाचित्राकडे झालेल्या या प्रवासात फोकस स्टॅकिंग हा पुढचा टप्पा ठरू शकतो. तो ज्ञानाचा टप्पा ठरतो की नुसत्या चकचकाटाचा, हे त्याच्या वापरावर अवलंबून आहे.

सौंदर्यदृष्टी : काय हरवते?

ज्ञानाच्या बाजूने या तंत्राचे समर्थन करता येते, परंतु कलाकृती म्हणून त्याचा विचार वेगळा करावा लागतो. बा. सी. मर्ढेकर यांनी ‘सौंदर्य आणि साहित्य’ मध्ये सौंदर्याचे तत्त्व लयीत पाहिले आणि संवाद, विरोध व समतोल ही तिची अंगे सांगितली. एका चौकटीच्या मॅक्रो छायाचित्रात स्पष्ट आणि धूसर यांचा विरोध आपोआप असतो. छायाचित्रकार त्या विरोधास समतोलाकडे नेतो. फोकस स्टॅकिंगने हा विरोध काढून घेतला की चित्रास लय देण्याची जबाबदारी प्रकाश, रंग आणि रचना यांवर पडते. ज्या चित्रांत ती पेलली जात नाही, तेथे चित्र तपशिलांनी भरलेले आणि तरीही निर्जीव वाटते. आनंदवर्धनाच्या परिभाषेत सांगायचे तर सर्व काही वाच्यार्थानेच सांगितले जाते, व्यंजनेला जागा उरत नाही. धूसरता ही नेहमीच उणीव नसते. पुष्कळदा ती सूचना असते.

धूसरतेचे आणखी एक कार्य सहसा ध्यानात घेतले जात नाही. ती वस्तूचा आकार सांगते. लहान वस्तू जवळून पाहताना मागचा भाग विरघळतो, हा डोळ्याचा अनुभव आहे. म्हणूनच शहराच्या दृश्यात कृत्रिम धूसरता आणली की ते शहर खेळण्यातले वाटू लागते. याची उलट बाजू अशी की, मोगऱ्याची कळी सर्वत्र स्पष्ट झाली की ती देवळाच्या घुमटाएवढी भासते. हे भव्यपण कधी काव्यात्म असते, परंतु विद्यार्थ्याच्या वहीत ते दिशाभूल करते. तेथे मिलिमीटरची पट्टी शेजारी असणे आवश्यक ठरते.

पार्श्वभूमीचा मुद्दाही महत्त्वाचा आहे. स्टॅकिंग सोपे जावे म्हणून फुलामागे काळा कागद धरण्याची रीत आहे. त्याने फूल उठून दिसते, पण बाग नाहीशी होते. कर्जत–खालापूरच्या बागेचा अर्थ तिच्या कुंपणापलीकडच्या भातखाचरांशी, बांधावर भाद्रपदात गौरीसाठी उपटल्या जाणाऱ्या तेरड्याशी आणि शेतघरांतून माळीकाम करणाऱ्या ठाकर–कातकरी माणसांशी जोडलेला आहे. काळ्या कागदापुढचे फूल जगातील कोणत्याही बागेतील असू शकते. जास्वंदीचा केसर जितका स्पष्ट होतो, तितके तिचे ठिकाण अस्पष्ट होते. दुर्गाबाई भागवतांच्या ‘ऋतुचक्र’ ने मराठी वाचकास फूल ऋतूच्या आणि परिसराच्या संदर्भात पाहण्याची सवय लावली. त्या सवयीच्या कसोटीवर हे चित्रप्रकार उणे पडतात, असे म्हणावे लागते. मात्र हा दोष तंत्राचा नसून रूढ झालेल्या शैलीचा आहे. मागची हिरवाई धूसर ठेवून केवळ फुलापुरते स्टॅकिंग करता येते आणि चांगले छायाचित्रकार तसे करतात.

मूल्यमापनाचा प्रश्न

स्पर्धांच्या नियमांत या गोंधळाचे प्रतिबिंब दिसते. फियाप, अमेरिकेची फोटोग्राफिक सोसायटी आणि ब्रिटनची रॉयल फोटोग्राफिक सोसायटी यांनी मिळून ठरवलेली, २०१५ पासून अमलात आलेली निसर्गछायाचित्राची व्याख्या फोकस स्टॅकिंगला परवानगी देते, मात्र लागवडीच्या आणि संकरित वनस्पतींना त्या विभागात प्रवेश देत नाही. म्हणजे रानातील कळलावीचे स्टॅक केलेले चित्र निसर्गचित्र ठरते आणि बागेतील जास्वंदीचे एका चौकटीतील चित्रही तसे ठरत नाही. या व्याख्येने सत्याचा निकष तंत्रात न शोधता विषयात शोधला, हे लक्षणीय आहे. महाविद्यालयीन स्पर्धांत मात्र पुष्कळदा याच्या उलट घडते. फूल कोठले हे विचारले जात नाही आणि ‘संगणकावर केले आहे काय?’ एवढेच विचारले जाते.

२०२२ नंतर शब्दांवरून चित्र निर्माण करणाऱ्या संगणकप्रणाली सर्वांच्या हाती आल्या आणि हा प्रश्न अधिक तीव्र झाला. अशा प्रणालीने केलेले फूलही काळ्या पार्श्वभूमीवर चकचकीत आणि सर्वांगस्पष्ट असू शकते. नुसत्या डोळ्यांनी दोन्हींत फरक करणे दिवसेंदिवस कठीण होत आहे. येथे फोकस स्टॅकिंगच्या बाजूने एक भक्कम गोष्ट उभी राहते. त्याच्यामागे मूळ चौकटी असतात. दहा चौकटींत सरकत गेलेले स्पष्टतेचे प्रतल, त्यांतील वाऱ्याचा किंचित हेलकावा आणि प्रत्येकीवरील वेळेची नोंद ही त्या फुलाच्या अस्तित्वाची साक्ष आहे. ज्या तंत्रावर खोटेपणाचा आरोप होतो, त्याच्याच पोटात त्याचा पुरावा जपलेला असतो. छायाचित्रकाराने तो फेकून न देता जपला पाहिजे.

या विवेचनावरून पुढील निकष सुचवता येतील.

१) स्पर्धा असो वा प्रात्यक्षिक वही, चित्रासोबत चौकटींची संख्या, जोडण्याची पद्धत आणि हाताने केलेली दुरुस्ती यांची नोंद असावी.
२) मागणी झाल्यास मूळ चौकटी सादर करण्याची तयारी असावी.
३) शैक्षणिक चित्रात मोजपट्टी, ठिकाण, तारीख व वेळ द्यावी, आणि फूल झाडावर होते की खुडलेले होते हे लिहावे.
४) परीक्षकाने ‘या फुलासाठी स्टॅकिंगची गरज होती काय?’ हा प्रश्न विचारावा. सपाट फुलाच्या शंभर चौकटींना श्रमाचे गुण देऊ नयेत.
५) कलाविभागात स्पष्टतेला स्वतंत्र गुण न देता रचना, प्रकाश आणि सूचकता यांचा विचार व्हावा.

निष्कर्ष

फोकस स्टॅकिंग ही फसवणूक नाही, तसेच ती गुणवत्तेची हमीही नाही. मॅक्रो छायाचित्रणात प्रकाशाच्या नियमांनी घातलेली मर्यादा ती ओलांडते आणि त्याच्या बदल्यात क्षणाचा दावा सोडून देते. सोनटक्का आणि कळलावी यांसारख्या खोल रचनेच्या फुलांत हा व्यवहार लाभाचा ठरतो, अबोलीसारख्या सपाट फुलांत तो अनावश्यक ठरतो, तर गुलबक्षीसारख्या वेळेशी बांधलेल्या फुलांत तो जपून करावा लागतो. या चित्राचे खरे कूळ वनस्पतिचित्राचे आहे आणि त्याच कुळाचा प्रामाणिकपणा, म्हणजे कसे केले ते सांगण्याचा प्रामाणिकपणा, त्यास लागू करणे न्याय्य होईल.

अध्यापकांच्या दृष्टीने याचे महत्त्व विशेष आहे. विद्यार्थी फूल हातात घेऊन, भिंगातून पाहून, रेखाकृती काढून जे शिकत असे ते तयार छायाचित्राने मिळत नाही. परंतु तोच विद्यार्थी कोठून कोठपर्यंत फोकस न्यायचा, कोणता भाग कोणत्या भागामागे आहे, टप्पा किती ठेवायचा याचा विचार करून स्वतः दहा चौकटी घेत असेल, तर तो फुलाची रचना प्रतलागणिक वाचत असतो. त्या वाचनाला गुण मिळाले पाहिजेत. कर्जत–खालापूरसारख्या, बाग आणि रान एका बांधाने वेगळे झालेल्या परिसरातील महाविद्यालयांना अशा अभ्यासासाठी दूर जाण्याची गरज नाही.